काकूंची डावी बाजू

काकूंना खऱ्या नावानं हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्यांच्या सासूबाई. बाकी सगळ्या जगाच्या त्या काकू. दूधवाला काकू म्हणे, दवाखान्यातला डॉक्टर काकू म्हणे, आणि वयानं त्यांच्याहून चांगले मोठे असलेले शेजारचे रिटायर्ड मास्तरही बिनदिक्कत काकूच म्हणत. कारण रोज संध्याकाळी घराघरांत लागणारी ती मालिका. तिच्यातली काकू म्हणजे एक नंबरची कजाग बाई. सुनेच्या नावानं खडे फोडणारी, दाराआड उभी राहून ऐकणारी, एकाचं दुसऱ्याला सांगून घरात आग लावून नामानिराळी राहणारी. अहो, भाजी घेताना एकदा एका आजीबाईंनी काकूंच्या दंडाला खरोखरचा चिमटा काढला होता आणि वर म्हणाल्या होत्या, "त्या पोरीला जरा सुखानं जेवू दे की गं मेले!" काकू दंड चोळत, हसत घरी आल्या. अशी पावती मिळायला नशीब लागतं.

ही काकू व्हायच्या आधी बाईंनी काय काय नाही केलं! एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायची नोकरी करायची आणि रजा टाकून शूटिंगला जायचं. कामं तरी कसली? गर्दीतली बाई, शेजारची बाई, 'डॉक्टर आले' एवढंच म्हणून बाजूला होणारी बाई. एकदा मेलेल्या आत्याचं काम मिळालं, तर नेमकी भर शोकात शिंक आली. सगळं युनिट खो खो हसलं आणि आत्याबाई बदलल्या गेल्या. नवरा अकाली गेला, मूलबाळ नाही, घरात सासू आणि सून दोघीच. लोकांनी सासूबाईंना विचारलं, "सुनेला असल्या धंद्यात कशी जाऊ देता?" सासूबाई म्हणाल्या, "तिला जमतं ते ती करते. तुमच्या सुनेला काय जमतं?" विचारणारे पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

मालिकेतलं काकूचं कामही मुळात चारच दिवसांचं होतं. पण पहिल्याच दिवशी डोळ्यांवर दिव्याची तिरीप आली आणि काकूंची डावी भुवई एकटीच वर गेली. उजवी जागच्या जागी, डावी थेट कपाळात. कॅमेऱ्यावर एक जाडजूड, अबोल गृहस्थ होते, युनिटमध्ये सगळे त्यांना कॅमेरादादा म्हणत. कुणी सांगितलेलं नसताना त्यांनी कॅमेरा त्या भुवईवर नेला. दिग्दर्शक आतून ओरडला, "हे काय होतं? परत करा!" आणि ती चार दिवसांची काकू सात वर्षं पुरली. पोरंटोरं आरशासमोर ती भुवई उचलून बघायची. काकू मनातल्या मनात कॅमेरादादांचे उपकार मानत, आणि दादांना तसं बोलून दाखवलं की दादा म्हणत, "मी काय केलं? भुवई तुमची."

आणि मग ती भुवईच गेली.

एका सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून ओघळून गळ्यावर आलं. काकूंनी आरशात बघितलं, तर अर्धा चेहरा ओळखीचा आणि अर्धा कुणा परक्या बाईचा. डावा डोळा मिटेना, गाल ओघळलेला, तोंड उजवीकडे ओढलेलं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे, जिवाला धोका नाही, बहुतेकांचं पूर्ण बरं होतं, काहींचं थोडं राहून जातं. काकूंच्या डोक्यात ते शेवटचं 'काहींचं' तेवढं घर करून बसलं.

त्या दिवसापासून सासूबाईंनी कंबर कसली. डोळा सुकू नये म्हणून थेंब घालायचे, झोपताना पापणीवर अलगद चिकटपट्टी लावायची, घास मऊ करून उजव्या गालात भरवायचा. काकू लहान मुलीसारख्या चिडायच्या, "राहू द्या आई, मला जमतं." सासूबाई म्हणायच्या, "गप्प बस. टीव्हीवर आम्हा सासवांना बदनाम केलंस ते केलंस, इथं माझं ऐकायचं." दोघी मिळून आरशासमोर गाल फुगवायच्या, ओठांचा चंबू करायच्या. सासूबाईंना काहीच झालेलं नव्हतं, पण सुनेला एकटीला करायला लाज वाटते म्हणून त्याही तोंडं वेडीवाकडी करत बसायच्या. चार दात उरलेली ती बाई गाल फुगवायला लागली की काकूंना हसू फुटायचं, आणि हसलं की तोंड आणखी वाकडं व्हायचं.

मालिकेत तोवर काकू भाचीच्या बाळंतपणाला गेली म्हणून दाखवलं होतं. आठवडे गेले, महिने गेले. भाचीला तिळं झालं असतं तरी एवढा वेळ लागला नसता. प्रेक्षक कुरकुरायला लागले. चॅनेलला सांगितलं होतं ते एवढंच, की काकूंची प्रकृती नरम आहे आणि चेहऱ्यावर थोडी सूज आहे. शेवटी चॅनेलवर प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या मुलीचा फोन आला. बोलायला गोड होती, पण बातमी कडू होती.

"काकू, शनिवारी संध्याकाळी लाइव्ह करू या. घरूनच, तुमच्या फोनवरून. लोक प्रश्न लिहितील, तुम्ही उत्तरं द्यायची. सगळे वाट बघतायत. आणि खरं सांगू का, वरच्यांनाही तुम्हाला एकदा बघायचंय. नाहीतर सोमवारपासून त्या भूमिकेत दुसऱ्या बाईंना घ्यायचं चाललंय."

"मी ठणठणीत आहे गं," काकू म्हणाल्या. फोन ठेवला आणि आरसा हातात घेतला.

तोंड बरंचसं सावरलं होतं, बोलणं जवळजवळ स्वच्छ झालं होतं, पण डावा गाल थिजलेलाच होता आणि भुवईनं तर साफ संप पुकारला होता. सुनेवर डोळे वटारायचे आणि अर्धाच चेहरा वटारला जायचा, असली काकू कोण घेणार? त्यांनी कॅमेरादादांना फोन लावला आणि रडवेल्या आवाजात सगळं सांगून टाकलं. दादा फार बोलत नसत. म्हणाले, "मी येतो. तुमची उजवी बाजू अजून शाबूत आहे ना? झालं तर मग."

शनिवारी दादा दुपारीच दोन दिवे आणि एक स्टँड घेऊन हजर झाले. बाहेरच्या खोलीतली खुर्ची खिडकीशी तिरकी लावली, काकूंना त्यात असं बसवलं की फोनला उजवाच गाल दिसावा. डाव्या बाजूला केस मोकळे सोडले, तिकडचा दिवा विझवून टाकला. "हसू नका, नुसतं मंद ठेवा. मान वळवायची नाही. प्रश्न मी माझ्या फोनवर बघून वाचतो, तुम्ही खिडकीकडे बघून बोला, म्हणजे वाटेल की बाई विचारात आहे." सासूबाई आपला फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. सुनेचा कार्यक्रम त्यांना तिथं बसून, ऐटीत, प्रेक्षक म्हणून बघायचा होता.

लाइव्ह सुरू झालं आणि माणसांचा नुसता लोंढा आला. दादा वाचत गेले.

"काकू, तुम्ही घरीसुद्धा सुनेला छळता का?"

"मला सूनच नाही हो," काकू म्हणाल्या. "म्हणून तर हौस मालिकेत भागवते."

"माझी आई तुम्हाला रोज शिव्या देते, तिला हॅलो म्हणा."

"हॅलो आई. शिव्या चालू ठेवा, आमचं घर त्यावर चालतं."

"भाचीचं बाळंतपण आटोपलं का?"

"बाळ आता शाळेत जायला लागेल, मग येते."

गाडी छान रुळावर आली होती. काकूंना मजा वाटायला लागली. किती माणसं होती! कुणी परगावी नोकरी करणारी एकटी मुलगी मालिका बघत जेवत होती, म्हणजे घरच्यांबरोबर जेवल्यासारखं वाटतं. कुणी दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण काकूला नावं ठेवायला एकत्र बसायच्या. काकूंना भरून आलं. आणि तेवढ्यात दादांचा आवाज जरा अडखळला.

"काकू, भुवई करून दाखवा ना."

"ती फुकट मिळत नाही," काकू म्हणाल्या.

पण लोक ऐकतात होय? भुवई, भुवई, भुवई. दादा वाचायचे थांबले तरी काकूंना त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग एकानं लिहिलं, समोर बघा ना काकू, तोंड का फिरवताय? काकू म्हणाल्या, "मान अवघडलीय जरा." आणखी दोन-चार प्रश्नांची कशीबशी उत्तरं दिली, सगळ्यांचे आभार मानले, लवकरच भेटू म्हणाल्या.

आणि दादांनी सुटकेचा निःश्वास टाकून म्हटलं, "कट!"

आता इथं काय झालं ते नीट समजून घ्या, कारण ही चूक तुमच्याआमच्या हातून झाली नसती. आपण फोन बंद करतो. पण या दोघांचा सगळा जन्म सेटवर गेलेला. तिथं 'कट' म्हटलं की सगळं थांबतं. रेकॉर्डिंग बंद करणं हे दादांचं काम कधीच नव्हतं, ते आतल्या खोलीत यंत्रांपुढं बसलेला माणूस करतो. आणि काकूंचं म्हणाल तर 'कट' कानावर पडलं की चेहरा उतरवून ठेवायचा, ही त्यांच्या अंगवळणी पडलेली सवय. दादा दिवे आवरायला वळले, काकू सैलावून फोनकडे तोंड करून बसल्या, आणि फोन बिचारा इमानेइतबारे चालूच राहिला.

सासूबाई चहाचा कप ठेवून गेल्या. काकूंनी केस मागे टाकले, डाव्या ओठाचा कोपरा बोटानं दाबून धरला आणि घोट घेतला. तरी दोन थेंब हनुवटीवर आलेच.

"इकडचा नळ अजून गळतोय बघा," त्या म्हणाल्या आणि तोंड वाकडं करून खदखदून हसल्या.

"भुवई मागायला लागले तेव्हा माझ्या तर तोंडचं पाणी पळालं," दादा म्हणाले.

"ती भुवई गेली हो दादा. ही बघा." काकूंनी बोटानं भुवई वर ढकलली आणि सोडली. ती पडदा पडावा तशी खाली आली. "दिवसातून शंभर वेळा करून बघते. सोमवारी ती दुसरी बाई येईल, तिची कदाचित वर जात असेल." मग त्यांचा आवाज बदलला. "वाईट कशाचं वाटलं सांगू? इतकी माणसं जीव लावून विचारत होती आणि मी अर्ध्या तोंडानं बोलत बसले. अहो, सात वर्षं मी टीव्हीवर सुनेचा छळ केला, आणि इकडे माझी सासू मला तीन महिने हातानं भरवते आहे. माझ्याबरोबर आरशासमोर गाल फुगवते. आई नसत्या तर मी खोलीतून बाहेर आले नसते. हे सांगायचं सोडून मान अवघडली म्हणून थापा मारल्या मी. लाज वाटली हो."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "अगं ए! अगं, हे काय! यात मी आलेय!"

"कशात आई?"

"फोनमध्ये! मगाचचीच मी, चहा ठेवतेय! म्हणजे हे अजून चालूच आहे!"

लाइव्हचं चित्र सासूबाईंच्या फोनवर जरा उशिरा पोचत होतं. मग दादांना उमगलं. त्यांनी हातातला दिवा तसाच खाली टाकला आणि फोनकडे झेप घेतली. काकूंनी स्टँडवरच्या फोनकडे बघितलं. त्यात त्यांचा अख्खा चेहरा होता, ओघळलेला गाल, न मिटणारा डोळा, हनुवटीवरचा चहा. आणि खालून माणसांचे शब्द भराभर वर सरकत होते.

"थांबा दादा," काकू म्हणाल्या. "आता काय झाकायचं राहिलंय?"

त्या तशाच समोर बसून वाचायला लागल्या. काही जणांनी वाईट लिहिलं होतं, नाही असं नाही. कुणी म्हणालं, केलेल्या पापाची फळं. पण बाकीच्यांनी त्याला असं काही धारेवर धरलं की तो बिचारा पळूनच गेला. दुखतं का काकू? डोळ्याची काळजी घ्या. आम्हाला का नाही सांगितलं? सासूबाईंना नमस्कार सांगा. सासूबाईंना पुन्हा दाखवा. आणि त्या सगळ्या गर्दीत एका मुलीचा मजकूर होता, तो काकूंनी दोनदा वाचला.

'काकू, माझ्या बाबांचंही तोंड असंच वाकडं झालंय, झटक्यानंतर. तेव्हापासून ते आतल्या खोलीत एकटे जेवतात. शब्द वेडेवाकडे येतात म्हणून कुणाशी बोलत नाहीत. आत्ता ते बाहेर आलेत. माझ्या मागे उभं राहून तुम्हाला बघतायत.'

काकूंनी चहाचा कप उचलला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. आता त्या मुलीला सांगा, बाहेरच चहा दे म्हणून. सांडेल थोडा. सांडू दे. पुसायला घरात फडकं असतंच." आणि फोनकडे बघत, ओठाला बोट न लावता, त्यांनी घोट घेतला. सांडला. सासूबाई फडकं घेऊन आल्याच, आणि माणसं बघतायत म्हणून केस सारखे करून सुनेच्या शेजारी बसल्या.

लाइव्ह संपलं तेव्हा दादा भिंतीला टेकून खाली बसले होते. "मी तुमची नोकरी घालवली काकू," एवढंच म्हणत होते. काकू म्हणाल्या, "तुम्हीच दिली होती. आणि आज माझ्या उरावरचा धोंडा उतरवलात. उठा, चहा गार होतोय."

रविवार सगळा जिवाला घोर लावून गेला. चॅनेलवरच्या मुलीनं फोन उचलला नाही. काकूंनी मनाची तयारी केली, कपाट आवरलं, सासूबाईंवर विनाकारण खेकसल्या आणि मग त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडल्या. संध्याकाळी फोन वाजला तो मालिकेच्या लेखकाचा.

"काकू, तुम्ही दुखणं लपवलंत म्हणून चॅनेलवाले आधी पेटले होते," तो म्हणाला. "मग लोकांनी त्यांना पळता भुई थोडी केली. दुसऱ्या बाई रद्द. उद्या सेटवर या, आहात तशा. आणि मी काय फक्कड लिहिलंय ऐका! काकूला हा आजार होतो. सून तिची रात्रंदिवस सेवा करते. काकूचं मन पालटतं, ती सुनेला पोटाशी धरून रडते..."

"खबरदार!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या की सासूबाई दचकल्या. "खबरदार तिला सुधारलीत तर!"

"अहो पण लोकांना दया येईल..."

"तीच तर नकोय. तुमचे उपकार मानते, जन्मभर मानीन. पण माझं एवढं ऐका. काकूचं तोंड वाकडं झालंय, स्वभाव पहिल्यापासूनच वाकडा आहे, तो तसाच राहू द्या. चेहरा गेला म्हणून माणूस लगेच गरीब गाय होत नाही. त्याला राग येतो, तो भांडतो, कटकटी करतो. घरात तोंड लपवून बसलेल्या माणसाला हे दिसू दे."

लेखक मग हसला. "सुनेला सगळ्यांदेखत दाराबाहेर काढायचा सीन पडून आहे. तो चालेल?"

"धावेल," काकू म्हणाल्या.

तो भाग दाखवला त्या संध्याकाळी सासू-सून टीव्हीपुढं बसल्या होत्या. दादांनी कॅमेरा थेट समोर लावला होता. भुवई हलली नाही, अर्धा चेहरा दगडासारखा, आणि उरलेला अर्धा असला जळजळीत की सुनेचं काम करणारी पोर खरोखरच दोन पावलं मागे सरकली होती. जाहिरात लागली तेवढ्यात काकूंचा फोन किणकिणला. लाइव्हवर बाबांबद्दल लिहिणाऱ्या त्या मुलीचा निरोप होता. काकूंनी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला.

'काकू, बाबा आज आमच्यासोबत टीव्ही बघायला बसले होते. तुम्ही सुनेला बाहेर काढलंत आणि ते ओरडले, हलकट बाई, तोंड वाकडं झालं तरी खोड गेली नाही! अख्खं वाक्य, काकू. आम्ही सगळे बघतच राहिलो. आई रडायला लागली. तर बाबा तिला म्हणाले, रडतेस काय, आवाज वाढव.'

काकूंच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि डाव्यातूनही वाहत होतं. सासूबाईंनी फडकं पुढं केलं.

"काय म्हणाला तो तुला?"

"हलकट बाई."

"बरोबर बोलला," सासूबाई म्हणाल्या आणि सुनेजवळ सरकून बसल्या. "परत वाच."